अमळनेरचे दप्तर

२९ डिसेंबर १९४५ रोजी एक कंपनी नोंदली गेली. नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी. कारखाना अमळनेरला, पूर्व खानदेश जिल्ह्यात, मुंबई इलाख्यात.

इलाखा गेला. जिल्ह्याचे नाव जळगाव झाले. ७ जून १९७७ रोजी कंपनीचे नाव विप्रो प्रॉडक्ट्स झाले आणि १९८२ मध्ये नुसते विप्रो. वेस्टर्न, इंडिया आणि प्रॉडक्ट्स या तीन शब्दांच्या सुरुवातीची अक्षरे उरली. व्हेजिटेबल हा शब्द मधून गळला. कारखाना त्याच शब्दावर उभा राहिला होता.

खानदेशात भुईमूग होता. गावाला सुरत-भुसावळ मार्गावरचे रेल्वे स्टेशन होते. शेंगा गोण्यांतून बाजारात येत. खरेदीदार गोणीत खोलवर हात घाली, मूठभर शेंगा काढी, दोन फोडी, दाणा दाताखाली धरी. ओल किती, तेल किती पडेल, हे तो तेवढ्यावर सांगे. भाव त्या अंदाजावर ठरे. आता ओलावा यंत्रावर दिसतो. तो दाताखालचा अंदाज कोणत्याच वहीत उतरवलेला नव्हता.

शेतांत आता कापूस जास्त दिसतो.

वनस्पती तूप करण्याची रीत अशी. तेल तापवायचे, त्यात निकेलची भुकटी घालायची, दाबाखाली हायड्रोजन सोडायचा. पातळ तेल घट्ट होते आणि निवल्यावर दाणेदार दिसते. ते साजूक तुपात मिसळून विकले जाऊ नये म्हणून सरकारने त्यात पाच टक्के तिळाचे तेल सक्तीचे केले. तुपात भेसळ असेल तर परीक्षानळीत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल पडताच तिळाच्या तेलामुळे लाल रंग चढे. अन्न निरीक्षक तो रंग पाहून निकाल लिहीत.

कंपनी कोणतीही असो, घराघरांत त्याला डालडा म्हणत. अमळनेरच्या मालाचे नाव सनफ्लॉवर होते. ते नाव पुढे कारगिल कंपनीला विकले गेले. जानेवारी २०२२ पासून अशा पदार्थांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आली. लग्नाच्या स्वयंपाकात रिफाइंड तेलाचे डबे आले.

पत्र्याचा चौकोनी डबा रिकामा झाल्यावर टाकला जात नसे. वरचा पत्रा कापून काढत, काठ हातोडीने आत वळवत, आडवी लाकडी दांडी ठोकत. पाणी भरायला तोच डबा. गळू लागला की त्यात तुळस लागे. तळ गेला की पत्रा उलगडून, सरळ करून गोठ्याच्या छपराला मारत. छपराखाली उभे राहिले की कंपनीचे छापील नाव उलटे दिसे. आता तेल पिशवीत आणि प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये येते. पिशवीचे पुढे काही होत नाही.

७८७ नावाचा कपड्यांचा साबण होता. तेलाच्या कामातून जे मागे उरे त्यातून तो होई. नाव म्हणजे नुसता आकडा. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही तो ओळखता येई.

११ ऑगस्ट १९६६ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी वारले. मुलगा अझीम कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत होता. वय २१. तो परत आला आणि कंपनी त्याच्याकडे आली. राहिलेली पदवी त्याने तीन दशकांहून अधिक काळाने पूर्ण केली.

तेव्हा गावाबाहेर फोन करायचा तर ट्रंक कॉल लावावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे तीन दर. कॉल बुक करायचा आणि फोनजवळ बसून राहायचे. लागला की ओरडून बोलायचे. तीन मिनिटे झाली की ऑपरेटर मध्येच विचारी, वाढवायचा का. फार तातडीचे असेल तर तार. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितले. आयबीएमने ते मानले नाही. १९७८ मध्ये ती देशातून गेली. तिची मागे राहिलेली यंत्रे सांभाळायचे काम कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आले. देशी संगणकाला जागा झाली.

तेल आणि साबण करणाऱ्या कंपनीने संगणक करायचे ठरवले.

काम बंगळूरला सुरू झाले, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात. संशोधनाचे प्रमुख श्रीधर मिट्टा. १९८१ च्या सुमारास सिरीज ८६ नावाचा मिनी संगणक तयार झाला. त्याच्या मुळाशी इंटेलची ८०८६ ही चिप होती. ती १९७८ ची. चाळीस पायांची, आत २९,००० ट्रान्झिस्टर. ऑपरेटिंग सिस्टिम अमेरिकेतल्या सेंटिनेल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनकडून आणली होती. कारखाना म्हैसूरला निघाला. दोन्ही शहरांची नावे आता बंगळुरू आणि म्हैसुरू अशी लिहिली जातात.

१९८४ च्या नोव्हेंबरात केंद्राचे नवे संगणक धोरण आले. सुटे भाग आणणे सोपे झाले. मिनीच्या मागोमाग पीसी आला. पुढे जीनियस हे नाव आले. त्यापुढे सुपरजीनियस. ही नावे असलेले बिल्ले यंत्राच्या तोंडावर डकवलेले असत. यंत्र भंगारात जाताना बिल्ला कुणीतरी नखाने काढून घेई.

संगणकाची खोली वेगळी असे. गावातल्या कचेरीत वातानुकूलन फक्त तिथे. साहेबाच्या खोलीत पंखा. दाराबाहेर चपलांची फळी आणि वर पाटी, चपला बाहेर काढाव्यात. आत सीव्हीटी, म्हणजे विजेचा दाब स्थिर राखणारा ट्रान्सफॉर्मर, गुणगुणत असे. तो हाताला कायम गरम लागे. यंत्रावर शिवून घेतलेले कापडी आच्छादन, संध्याकाळी घालायचे, सकाळी घडी करून ठेवायचे. ती घडी घालणे हे शिपायाचे काम होते आणि ते त्याच्या नावावर लिहिलेले होते. खोली गेली, फळी गेली, सीव्हीटीही गेला. संगणक चपला घातलेल्या माणसांत आला.

सर्किटांचे आराखडे मोठ्या कागदांवर असत. मूळ नकाशा पारदर्शक फिल्मवर. सर्किट बोर्डाच्या वाटा त्या काळी हाताने आखत. काळ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे ब्लेडने कापून फिल्मवर बसवायचे, मूळ मापाच्या दुप्पट किंवा चौपट आकारात, मग फोटो काढून लहान करायचे. चूक झाली तर पट्टी उचलून पुन्हा लावायची. उचललेल्या जागी चिकट डाग राही. वर्षे गेली की चिकट पदार्थ वाळतो आणि पट्ट्या गळतात. फिल्म गुंडाळी करून ठेवलेली असेल तर उलगडताना रेषा जमिनीवर पडतात.

आराखड्याची निळी प्रत अमोनियावर निघे. तिचा वास खोलीभर राही. उजेडात ती प्रत फिकट होत जाते.

ईप्रॉम ही एक चिप. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी असते. आतला तुकडा त्यातून चमकताना दिसतो. संगणक चालू झाल्याबरोबर पहिल्यांदा काय करायचे, हे त्यात लिहिलेले असते. पुसायचे असेल तर खिडकीवर अतिनील दिवा धरायचा, वीस मिनिटांत कोरी. एरवी खिडकीवर कागदी स्टिकर लावून ठेवत. त्यावर बॉलपेनने आवृत्तीचा आकडा आणि तारीख, कधी इंजिनिअरची आद्याक्षरे. स्टिकर निघाले तर ट्यूबलाइटच्या उजेडात ही चिप साधारण तीन वर्षांत पुसली जाते. थेट उन्हात आठवड्यात. २७१६ क्रमांकाच्या चिपमध्ये दोन किलोबाइट मावत. इंग्रजीत टाइप केलेल्या एका पानाएवढा मजकूर. स्टिकर जागेवर असले तरी आतला विद्युतभार हळूहळू झिरपतो. त्याला उत्पादकांनी दिलेली मुदत दहा-वीस वर्षांची असे. चिप तशीच दिसते. हस्ताक्षरही तसेच असते.

सव्वापाच इंची फ्लॉपीत ३६० किलोबाइट मावत. ती वाकवायची नाही, चुंबकाजवळ न्यायची नाही, लेबल चिकटवण्याआधीच त्यावर लिहायचे. हे सगळे तिच्या पाकिटावर चित्रे काढून सांगितलेले असे. नंतर साडेतीन इंची आली. सोनीने मार्च २०११ मध्ये जपानात फ्लॉपी विकणे थांबवले. खानदेशात दमट पावसाळ्यानंतर फ्लॉपीवर पांढरी बुरशी येते. बुरशी आलेली फ्लॉपी घातली तर वाचणारे यंत्रही खराब होते. म्हणून ती घालत नाहीत.

लोटस १-२-३ हे आकडेमोडीचे पॅकेज तेव्हा जगभर चालत होते. विप्रोने आपल्या पॅकेजचे नाव ४५६ ठेवले.

मॅन्युअल जाड असत. रिंगच्या फायली, कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक. सुधारणा झाली की नवी पाने टपालाने येत आणि जुनी काढून टाकायची सूचना असे. अर्थात जुनी पाने टाकली गेली. कोणत्या महिन्यात काय बदलले हे त्या पानांवरच होते. मॅन्युअल इंग्रजीतच होती. अमळनेरच्या शेंगांचा, डब्यांचा, साबणाचा हिशेब मराठीत आणि गुजरातीत मांडला जाऊ शकत होता. सिरीज ८६ चा एकही शब्द त्या भाषांत नव्हता.

विप्रोचा एलक्यू १०५० प्लस हा प्रिंटर बँकांत, सरकारी कचेऱ्यांत, अडत्यांच्या पेढ्यांवर दिसे. चोवीस सुयांचा, रुंद कॅरेजचा. एका ओळीत १३६ अक्षरे. कागद सलग, दोन्ही काठांना भोके, घड्या उलगडत खोक्यातून वर चढे. त्याचा आवाज शेजारच्या दुकानात ऐकू येई. आवाजावरून कारकुनाला कळे की बेरीज छापली जाते आहे की नुसती रेघ. रिबन जुनी झाली की अक्षरे करडी पडत. मग रिबनला शाई भरून देणारा माणूस येई, त्याच्या पिशवीचा तळ काळा असे. छापून झाल्यावर काठाच्या भोकांच्या पट्ट्या फाडून काढत. मुले त्या घरी नेत आणि दोन पट्ट्या आलटून पालटून दुमडत साप करत.

२००० मध्ये प्रिंटरचा विभाग वेगळा झाला आणि वेप या नावाने चालू राहिला.

दुरुस्तीला इंजिनिअर बसने येई. जळगावहून, धुळ्याहून, नाशिकहून. ब्रीफकेसमध्ये मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, शिशाची वायर, चिप उपसायचा चिमटा, आणि फोमच्या तुकड्यात पाय रोवून ठेवलेल्या चिपा. तो आराखडा टेबलावर पसरे आणि एकेका पायावर व्होल्टेज मोजत जाई. दोष असलेली चिप सापडली की ती काढून दुसरी घाली. दोन रुपयांच्या चिपसाठी दिवस जाई, पण बोर्ड वाचे. निघताना कॉल रिपोर्टच्या तीन रंगांच्या प्रतींवर सही घेई. पांढरी कंपनीला, गुलाबी ग्राहकाला, पिवळी वहीत. पुढे अख्खा बोर्ड बदलू लागले. मग अख्खे यंत्र. आराखडा पसरायची गरज राहिली नाही, आणि आराखडा यंत्राबरोबर येईनासा झाला. हे कौशल्य हजारो हातांत होते. ते ज्यात साठले ते कॉल रिपोर्टचे गठ्ठे बहुतेक ठिकाणी रद्दीत गेले. हे नुकसान मोठे, कारण यंत्र कुठे, कशाने आणि कितीदा बिघडले हे त्या तीन रंगांच्या कागदांवर होते.

यंत्र कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना अबकारी खात्याचा जीपी-१ गेट पास लागे. गावाच्या वेशीवर जकात नाका असे. खोक्यावर काय लिहिले आहे ते नाकेदार वाचून बघे आणि कोणत्या दराने पावती फाडायची ते पुस्तकात शोधे. जीपी-१ गेला, जकात गेली, १ जुलै २०१७ पासून अबकारीही जीएसटीत मिसळली. पावतीपुस्तके ज्यांनी छापली ते ट्रेडलचे छापखानेही बंद झाले.

दिवाळीत पेढीवर वहीपूजन होई. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, पहिल्या पानावर श्री, हळद-कुंकवाचे बोट. कीर्द आणि खतावणी. संगणक आल्यावर पहिली काही वर्षे वहीशेजारी त्याला फूल वाहत. आता अनेक ठिकाणी कीबोर्डवर फूल असते आणि एक कोरी वही फक्त पूजेपुरती आणतात. ती वर्षभर कोरीच राहते.

अमळनेरची प्रताप मिल बंद पडली. तिच्या पाळीवर ज्यांचे दिवस बेतलेले होते ती पिढी संपत आली.

संगणक करणाऱ्या देशी कंपन्या तेव्हा बऱ्याच होत्या. एचसीएल, डीसीएम डेटा प्रॉडक्ट्स, ओआरजी, पीएसआय, झेनिथ, स्टर्लिंग, पीसीएल. झेनिथचा कारखाना गोव्यात होता. दुकानाच्या पाट्यांवर ही नावे रंगवलेली असत. बहुतेक पाट्यांवर आता मोबाईलच्या कंपन्या आहेत.

२०१३ मध्ये विप्रोने आपल्या नावाचे पीसी, लॅपटॉप आणि सर्व्हर करणे थांबवले. शेवटचा कारखाना उत्तराखंडात कोटद्वारला होता. त्याच वर्षी एचसीएलनेही पीसी करणे सोडल्याचे जाहीर केले.

त्याच वर्षी ३१ मार्चपासून कंपनीचे दोन भाग झाले. संगणक सेवेचे काम विप्रो लिमिटेडकडे राहिले. साबण, तेल, दिवे, हायड्रॉलिक्स हे सगळे विप्रो एंटरप्रायझेस या दुसऱ्या कंपनीत गेले. तिची शेअर बाजारात नोंद नाही. जिथून सुरुवात झाली ते अमळनेरचे काम या दुसऱ्या बाजूला आले. ज्या कंपनीची नोंद १९४५ ची, तिच्याकडे आता तेलाचा थेंब नाही.

१९९८ मध्ये कंपनीने इंद्रधनुषी फुलाचे चिन्ह घेतले. २०१७ मध्ये ते बदलले. आता रंगीत ठिपक्यांची वर्तुळे आहेत.

शेअरचे प्रमाणपत्र जाड कागदाचे असे. भोवती नक्षीची किनार, वर कंपनीचे पूर्ण नाव. खाली फोलिओ क्रमांक, शेअरचे अनुक्रमांक अमुकपासून अमुकपर्यंत, दोन संचालकांच्या सह्या. एका कोपऱ्यात कंपनीची मोहर दाबून उमटवलेली. बोट फिरवले की ती लागे. मागच्या बाजूला हस्तांतराचे रकाने, एकाखाली एक. वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून विधवेकडे. अमळनेरला ही प्रमाणपत्रे कपाटात साड्यांखाली, ट्रंकेत, देवघराच्या खणात होती. ज्यांनी घेतली त्यांपैकी पुष्कळांना कंपनी म्हणजे गावचा कारखाना एवढेच ठाऊक होते.

१९८० मध्ये शंभर रुपयांचा शेअर होता. १९८१ मध्ये एकास एक बोनस. १९८५ मध्ये एकास एक. १९८६ मध्ये शंभराचा शेअर दहाचा झाला. १९८७, १९८९, १९९२, १९९५, प्रत्येक वेळी एकास एक. १९९७ मध्ये एकास दोन. १९९९ मध्ये दहाचा शेअर दोनचा झाला. २००४ मध्ये एकास दोन, २००५ मध्ये एकास एक, २०१० मध्ये तीनास दोन. १९८० मधले शंभर शेअर ज्याने हात न लावता ठेवले, त्याचे तीस वर्षांनी ९६ लाख शेअर झाले. विहिरीसाठी, शिक्षणासाठी, लग्नासाठी ज्याने मध्येच विकले त्याच्याकडे एखादे रिकामे पाकीट उरले, आत कंपनीचे छापील पत्र असलेले.

१९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागद नको झाला. प्रमाणपत्र दिले की त्यावर भोक पाडत, शिक्का मारत, आणि खात्यात आकडा येई. २०१५ मध्ये कंपन्यांना मोहर ठेवण्याची सक्तीही राहिली नाही. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतर बंद झाले. सात वर्षे लाभांश उचलला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात.

काही कंपन्यांचे कागद राहिले. ॲपल कंपनी १ एप्रिल १९७६ रोजी कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिच्या आत एक संग्रहालय करायचे घाटत होते. कागद, यंत्रे, जाहिराती, टी-शर्ट, भाषणांचे कच्चे खर्डे गोळा झाले. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परत आले, तो बेत सुटला, आणि त्याच वर्षी सगळी खोकी एका विद्यापीठाला देऊन टाकली गेली. खोकी शेकड्यांनी आहेत. तापमान राखलेल्या गोदामात ठेवलेली आहेत. अभ्यासक अर्ज करून ती बघतात. विद्यापीठ स्टॅनफर्ड. १९६६ च्या ऑगस्टमध्ये अमळनेरच्या कारखान्यासाठी अझीमने ज्याचा वर्ग सोडला तेच.

अमळनेरपासून धुळे पस्तीस-छत्तीस किलोमीटर. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे तिथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. गावोगाव पायी फिरून, पडक्या वाड्यांतून त्यांनी मोडी कागद गोळा केले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत छापली. त्यांचे दप्तर पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने धुळ्यात सांभाळले. तीनशे वर्षांपूर्वीच्या जमाखर्चाचा कागद तिथे आजही वाचता येतो. शाई काजळीची, कागद हाती बनवलेला. त्याला वाचायला यंत्र लागत नाही. मोडी येणारा माणूस लागतो.

१९८० च्या दशकातली सव्वापाच इंची फ्लॉपी चाळीस वर्षांची झाली.

कायद्याप्रमाणे कंपनीला हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवावी लागतात. १९५६ च्या कायद्यातही आठ, २०१३ च्या कायद्यातही आठ. १९८१ चे हिशेब १९९० उजाडेपर्यंत सांभाळणे पुरेसे होते. आराखडे, कॉल रिपोर्ट, ईप्रॉम, विक्रीच्या दौऱ्यांची पत्रे, यांबद्दल कायद्यात काही नाही. ते ठेवायचे की नाही हे ज्याच्या टेबलावर ते असत त्याच्यावर. कचेरी हलली की एक ट्रक नव्या जागी जाई आणि दुसरा रद्दीच्या वखारीत.

प्रत्येक कंपनीला एक ओळख क्रमांक असतो. विप्रो लिमिटेडचा क्रमांक एल ३२१०२ केए १९४५ पीएलसी ०२०८००. एल म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली. ३२१०२ हा धंद्याचा संकेतांक. केए म्हणजे कर्नाटक, कारण नोंदणीकृत कार्यालय आता बंगळुरूला आहे. १९४५ हे साल. पीएलसी म्हणजे पब्लिक लिमिटेड. शेवटचे सहा आकडे कर्नाटकातल्या नोंदीचे. या एकवीस अक्षरांत महाराष्ट्र नाही.

सभासदांची नोंदवही मात्र कंपनीला कायम ठेवावी लागते. तिला आठ वर्षांची मुदत नाही. जुन्या कायद्याने तिचे रकाने ठरलेले होते. नाव, पत्ता, व्यवसाय. घेतलेल्या शेअरचे अनुक्रमांक. सभासद झाल्याची तारीख. सभासद न राहिल्याची तारीख. पत्त्याच्या रकान्यात अमळनेर आहे.